मागच्या दाराचा ओरखडा

२ मार्च, रविवार

आज सकाळी सव्वानऊ वाजता गेटच्या खांबाने माझ्या गाडीला ओरखडा काढला. वाक्य मुद्दाम असं लिहिलंय. खांब जागचा हललेला नाही हे मलाही कळतं. पण जो माणूस एकोणतीस वर्षं गाडी चालवतोय त्याने आपल्याच गेटमध्ये गाडी घासली, हे आपल्याच हाताने लिहायचं म्हणजे जिवावर येतं.

भाजी घेऊन परत येत होतो. ऊन समोरून. गाडीची पुढची काच आता जुनी झालीय, ऊन पडलं की सगळी पांढरीफटक होते आणि पलीकडचं काही दिसत नाही. अंदाजाने वळवली. मग तो आवाज. उतरून नख फिरवलं. मागच्या दारावर वीतभर लांब, दोन बारीक आणि एक जाड. जाड ओरखड्यात नख अडकतं.

ही खिडकीत शिलाई मशीनवर बसली होती. लोकांचे कपडे आखूड, लांब, सैल करून देते, रविवारीही सुट्टी नसते. तिने मान वर केली नाही. म्हणजे तिला कळलं नाही असं धरून चालतो.

लेक सोळा तारखेला गाडी न्यायला येतेय. माझ्याकडे चौदा दिवस आहेत.

३ मार्च, सोमवार

रात्री नीट झोप नाही. ओरखडा हा काही जगबुडीचा विषय नाही, हे मान्य. पण हा ओरखडा वेगळा आहे, आणि का ते एकदा लिहून टाकतो. या वहीत खोटं लिहायचं नाही असा माझाच नियम आहे.

अकरा वर्षांपूर्वी ही गाडी चार महिन्यांची होती. लेक तेव्हा चालवायला शिकत होती. याच गेटमध्ये, याच खांबाला तिने मागचं दार घासलं. दोन बोटांएवढा ओरखडा. मी काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होतो. हजारो काचा रोज डोळ्यांखालून जायच्या. बुडबुडा, रेघ, डाग, काही सुटायचं नाही. त्या दिवशी मी भिंग आणून तो ओरखडा तपासला, आणि रस्त्यावर चार माणसं उभी असताना तिच्या हातातून किल्ली काढून घेतली. म्हटलं, "तुझ्या हातात गाडी देणं हीच माझी चूक. तुला समोरचा खांब दिसत नाही, माणसं काय दिसणार?"

ती घरात निघून गेली. त्यानंतर तिने या गाडीला हात लावला नाही. घरी आली की मागच्या सीटवर बसते. तिला मागे जास्त आराम वाटत असावा.

आता तिला नवं काम मिळालंय. आजारातून उठलेल्या लोकांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचा. दिवसाला पाच-सहा घरं. मी गाडी विकायचं म्हणत होतो, कारण हेडलाइट मंद झालेत, संध्याकाळी चालवायला जमत नाही. दोनदा बल्ब बदलून घेतले. मेकॅनिक म्हणतो बल्ब उत्तम आहेत. त्याला काय कळतंय? तर मागच्या महिन्यात लेकीचाच फोन आला. म्हणाली, "बाबा, विकू नका. मला हवीय." अकरा वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. ड्रायव्हर ठेवणार असेल.

तर तिने यावं आणि बघावं की त्याच दाराला, त्याच खांबाने? मी कोणत्या तोंडाने किल्ली देऊ?

४ मार्च, मंगळवार

समोरच्या घरातल्या माणसाला आम्ही दोघं सल्लागार म्हणतो. न विचारता सल्ला देणे हा त्याचा पूर्णवेळ व्यवसाय आहे. मी ओरखड्यावर जुनी चादर टाकून ठेवली होती, पण त्याला चादर दिसली म्हणजे चादरीखालचंही दिसलंच. म्हणाला, टूथपेस्ट लावा, पाच मिनिटांत गायब.

लावली. पाच मिनिटं नाही, चाळीस मिनिटं घासलं. ओरखडा जिथल्या तिथे. गाडीच्या मागच्या दाराला पुदिन्याचा वास येतोय. आंघोळीला गेलो तर ही विचारते, टूथपेस्ट इतक्यात कशी संपली. मी म्हटलं, हल्ली ट्यूबमध्ये हवाच भरून विकतात.

५ मार्च, बुधवार

शेवटी गाडीच्या रंगाच्या दुकानात गेलो. रंगवाला पन्नाशीचा, पोटाला रंगाचे डाग पडलेला अॅप्रन, बोलायला मोजकाच. पण त्याला काम येतं, हे दोन वाक्यांत कळलं. त्याने समजावलं ते असं. सगळ्यांत खाली करडं अस्तर, त्यावर गाडीचा रंग, आणि वर पारदर्शक लेप, कागदापेक्षाही पातळ. बारीक ओरखडे बहुतेक वेळा या वरच्या लेपातच असतात. दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून अगदी हलक्या हाताने फिरवायचा, मग कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणणारं मलम, लावून मऊ फडक्याने घासायचं. कडा उतरतात, ओरखडा दिसेनासा होतो. जिथे नख अडकतं तिथे मात्र लेप फुटून खालपर्यंत गेलंय. तिथे रंगच भरावा लागतो, बारीक ब्रशने.

निघताना त्याने मला थांबवलं. "काका, एक लक्षात ठेवा. फडक्यावर गाडीचा रंग दिसला की हात थांबवायचा. त्याचा अर्थ वरचा लेप संपला."

मी त्याला सांगितलं की एकतीस वर्षं मी काचा तपासल्यात. तो म्हणाला, मग तर प्रश्नच नाही.

७ मार्च, शुक्रवार

आज मुहूर्त केला. गाडी सावलीत घेतली, दोनदा धुतली. दाराच्या हँडलला आणि कडेला चिकटपट्टी लावली. पॉलिश पेपर भिजवला, एका लाकडी ठोकळ्याला गुंडाळला, आणि एकाच दिशेने, हलक्या हाताने. असं काम कितीतरी दिवसांनी केलं. निवृत्त झाल्यापासून हातांना कोणी काही विचारतच नव्हतं. मग कंपाउंड.

तासाभराने नख फिरवलं. दोन बारीक ओरखडे गेले. खरंच गेले. डोळे मिटून बोट फिरवलं तरी लागत नाहीत. मी तिथेच फरशीवर बसून चहा प्यायलो, हिने आणून दिला. ती म्हणाली, आज फार खुशीत. मी म्हटलं, गाडी देण्याआधी जरा चमकवतोय. तिने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कप घेऊन आत गेली.

एक बारीकशी गोष्ट राहिली. जिथे घासलं तिथे एक धुरकटपणा आहे. पातळ दुधासारखा. उद्या काढतो.

९ मार्च, रविवार

धुरकटपणा जात नाही.

काल तीन वेळा कंपाउंड लावलं, आज दोन वेळा. चमक येते पण दिव्याभोवती जसं वलय दिसतं तसं काहीतरी उरतंच. आधी वाटलं पोर्चमधली ट्यूब खराब आहे. नवी आणून लावली. फरक नाही. मग लक्ष देऊन पाहिलं तर पुढच्या दारावरही तेच, बॉनेटवर तर जास्तच. म्हणजे अकरा वर्षं ही गाडी उन्हात उभी राहून सगळीच धुरकटली आणि मला पत्ता नाही. मला. ज्याने एकेका बुडबुड्यासाठी अख्ख्या पेट्या परत पाठवल्या.

फक्त दार चमकवून चालणार नाही. दार एक आणि बॉनेट एक दिसलं तर लेकीला लगेच संशय येईल. सगळीच करावी लागणार.

१० मार्च, सोमवार

कंपाउंड संपलं. दुकानातून दुसरी बाटली आणली. रंगवाला म्हणाला, केवढी गाडी आहे काका, बस आहे का? मग त्याने विचारलं, फडक्यावर काय येतंय. मी म्हटलं, करडा मळ. त्याने विचारलं, गाडी कुठल्या रंगाची. गडद निळी, म्हटलं. मग ठीक, म्हणाला.

किती मळ असावा एका गाडीवर! फडकी करडी होऊन निघतायत. घासतोय तेवढं निघतंय. सात फडकी झाली.

सकाळी हिच्यासाठी सुईत दोरा ओवायला बसलो. गेली तीस वर्षं हे माझं काम, सकाळी दहा-बारा सुया ओवून ठेवायच्या. पाहतो तर सगळ्या ओवलेल्या. ती म्हणाली, दुकानात ओवायचं एक छोटं यंत्र मिळालं, स्वस्तात. कधी घेतलं विचारलं तर म्हणाली, झाले की सात-आठ महिने. मला वाईट वाटलं. आपलं एवढंसं कामही यंत्राने घ्यावं.

११ मार्च, मंगळवार

ही फडकी धुवायला बसली होती. एक पिळून वर धरलं आणि विचारलं, "अहो, हे कसल्या रंगाचं दिसतंय तुम्हाला?"

"करडं. मळ आहे."

तिने ते पुन्हा पाण्यात बुडवून पिळलं. मग सगळी फडकी दोरीवर वाळत घातली आणि आत जाऊन लेकीशी फोनवर बराच वेळ हळू आवाजात बोलली. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा "हो, मीच धरून नेते" एवढंच ऐकू आलं. एखाद्या गिऱ्हाइकाच्या कपड्याचं काही असेल.

जेवताना म्हणाली, माझा चष्मा बदलायचाय, डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोबत चला. मी म्हटलं, सोळापर्यंत मला डोकं खाजवायला वेळ नाही. बरं, सतराला, म्हणाली. इतक्या सहज कबूल झाली की मलाच चुकल्यासारखं वाटलं.

तिने मला एक नवं जाड पेनही दिलंय. या वहीत तेच वापरतोय. अक्षर मोठं येतं, पण मोठं अक्षर केव्हाही चांगलं. वहीच्या ओळी मात्र हल्ली फिक्या छापतात.

१२ मार्च, बुधवार

आज जाड ओरखडा भरायला घेतला. रंगाची बाटली नखपॉलिशएवढी, झाकणालाच ब्रश. पहिला ठिपका ओरखड्याच्या बाहेर पडला. पुसला. दुसराही बाहेर. तिसऱ्या वेळी मी ब्रशला, बाटलीला आणि बनवणाऱ्याला, तिघांनाही शिव्या दिल्या. तेवढ्यात पाठीमागून ही म्हणाली, "सरका."

मी दचकलो. चादर बाजूला पडली होती. ती गुडघे टेकून बसली, चष्मा नाकावर ओढला, ओरखड्यावर नजर फिरवली.

"रविवारीच आवाज ऐकला होता," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

तिने ब्रश घेतला, त्यातले बरेचसे केस कात्रीने कापून टाकले, दोनचारच ठेवले. मग रफू करतात तसं, टोकापासून टोकापर्यंत, श्वास रोखून. वाळू दिला. परत दुसरा थर. दोन तास लागले. मी बाटली धरून बसलो होतो. चाळीस वर्षांच्या संसारात मी हिला काम करताना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. शेवटी बोट फिरवलं तर दार सपाट.

मी म्हटलं, लेकीला सांगू नकोस. ती म्हणाली, मी नाही सांगणार. "मी"वर जरा जास्त जोर दिला तिने.

१४ मार्च, शुक्रवार

दार झालं, पण तो धुरकटपणा अजून आहेच. आज शेवटचा उपाय म्हणून बॉनेट सगळं पॉलिश पेपरने घासून काढलं. मध्यभागी जास्त वेळ दिला, तिथे जास्त होता. हात भरून आले. कंपाउंडची दुसरी बाटली संपली. मधला भाग आता हाताला काचेसारखा लागतो. इतका गुळगुळीत की बोट घसरतं.

सल्लागार फाटकाशी आला, बघत उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही सल्ला न देता परत गेला. माणूस थक्क झाला असावा.

१५ मार्च, शनिवार

मेण लावलं. झालं. मला समाधान वाटतंय. धुरकटपणा थोडा आहे, पण आता मी तो स्वीकारला. बहुधा हवेतच धूळ आहे.

उद्या दुपारच्या बसने येतेय.

१६ मार्च, रविवार

काय लिहू. क्रमाने लिहितो.

लेक आली, आईच्या गळ्यात पडली, मला वाकून नमस्कार केला. मी तिला चहाही घेऊ दिला नाही, थेट पोर्चमध्ये नेलं. ती गाडीसमोर उभी राहिली. बराच वेळ. मला वाटलं, बघ, शब्द सुचत नाहीत.

मग ती म्हणाली, "बाबा, बॉनेटवर हे काय झालंय?"

"काय झालंय?"

"हे. मधोमध. ताटाएवढा करडा पट्टा. रंगच नाहीये इथे."

मी म्हटलं, ऊन पडलंय तिथे. ती म्हणाली, बाबा, आपण सावलीत आहोत. मी वाकलो. तिने माझं बोट धरून कडेवर ठेवलं. कड हाताला लागली. डोळ्यांना नाही.

ती दोरीकडे गेली, एक फडकं काढून आणलं. "हे कुठल्या रंगाचं?" मी हिच्याकडे पाहिलं. ही खाली बघत होती. मी म्हटलं, करडं. लेक हळूच म्हणाली, "निळं आहे, बाबा. सगळी निळी आहेत. आई फोनवर सांगत होती तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं."

मग तिने मला पायरीवर बसवलं, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवायला सांगितला आणि रस्त्यापलीकडच्या गाडीचा नंबर वाचायला लावला. मला तिथे गाडी उभी आहे एवढं दिसलं. दुसऱ्या डोळ्याने पहिले दोन आकडे.

मी उठून आत गेलो आणि दार लावून घेतलं. रागाने नाही. घाबरलो होतो. एकतीस वर्षं ज्या गोष्टीच्या जोरावर मान ताठ ठेवली, तीच गेली की काय? आणि मी या डोळ्यांनी कधीपासून गाडी चालवतोय. माणसांमधून.

रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "मागचं दार मात्र किती छान ठेवलंय. कुठे काही झालेलं दिसतच नाही." हिचं काम इतकं चोख आहे. मी मान खाली घालून जेवत राहिलो. म्हणजे सांगितलं नाही तर तिला कधीच कळणार नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

१७ मार्च, सोमवार

सकाळी लेकीने खिळ्यावरची किल्ली घेतली आणि म्हणाली, चला. मी म्हटलं, रिक्षा बोलावतो. ती म्हणाली, कशाला, मला येते. तीन वर्षं झाली लायसन्स काढून. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या गाडीवर शिकले.

तीन वर्षं! मी हिच्याकडे पाहिलं. ही पदराशी खेळत म्हणाली, मला वाटलं तीच सांगेल तुम्हाला. या घरात सगळेच जण दुसऱ्याच्या बोलण्याची वाट बघत बसतात.

मी पुढे, तिच्या शेजारी बसलो. आरशात बघते, मग पुन्हा बघते, मग गाडी हलवते. पोटातलं पाणी हललं नाही. मी दोनदा "ब्रेक" म्हणणार होतो आणि दोन्ही वेळा तिने आधीच लावला होता.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकलाय म्हणाले, दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं. डोळ्याच्या आत एक नैसर्गिक भिंग असतं, ते धुरकट होतं. मी विचारलं, धुरकट म्हणजे पातळ दुधासारखं? ते म्हणाले, अगदी बरोबर, काका, छान सांगितलंत.

म्हणजे मी आठवडाभर माझ्या डोळ्यातला मोतीबिंदू गाडीच्या बॉनेटवरून घासून काढत होतो. दवाखान्यात मला हसू आलं ते आवरेना. ही आणि लेक दोघीही हसायला लागल्या. बाकीचे पेशंट बघत होते.

पण हसण्याच्या आड डॉक्टर जे म्हणाले ते महत्त्वाचं. काढून टाकता येतं, नवं भिंग बसवता येतं. परवाच एक डोळा करू, दुसरा महिनाभराने. आणि तोवर गाडी बंद. मी मान डोलावली. एरवी मी वाद घातला असता.

१९ मार्च, बुधवार

झालं. वीस मिनिटं. दुखलं नाही. डोळ्यावर पट्टी आहे, म्हणून एवढंच.

२० मार्च, गुरुवार

पट्टी निघाली.

पहिल्यांदा दिसलं ते आकाश. डॉक्टरांच्या खिडकीतून. मी विचारलं, आज काही विशेष आहे का, इतकं निळं? ते म्हणाले, रोजचंच आहे.

घरी आलो. दोरीवर नऊ फडकी, गडद निळी. आंधळ्यानेसुद्धा ओळखली असती म्हणतात तशी, फक्त मी सोडून. मग बॉनेट. मधोमध करडं अस्तर उघडं पडलंय, त्याभोवती फिकट निळी किनार, आणि बाकी सगळीकडे गोल गोल रेघांचं जाळं. कारखान्यात हा माल माझ्यासमोर आला असता तर मी पेटी परत पाठवून वर चिठ्ठी लिहिली असती. आणि मागचं दार! हिने भरलेला ओरखडा मला माहीत होता म्हणून सापडला, तोही केसाएवढा. मी तिला म्हटलं, तुला कारखान्यात घ्यायला हवं होतं. ती म्हणाली, माझी नऊ फडकी परत द्या आधी.

लेक समोर बसून तिच्या पेशंटांची यादी लिहीत होती. खिडकीतून उजेड तिच्यावर पडला होता. तिच्या कानाजवळ पांढरे केस आहेत. चार-पाच नाहीत, चांगली बट आहे. डोळ्यांशी बारीक सुरकुत्या. माझ्या डोक्यात ती अजून पंचवीस वर्षांची, हातातली किल्ली गेलेली. ही बाई छत्तीसची आहे. कधी झाली?

मोतीबिंदू दोन वर्षांचा आहे, डॉक्टरांनीच सांगितलं. आधीची नऊ वर्षं मी तिच्याकडे का पाहिलं नाही, याला काही औषध नाही. मागच्या सीटवर आरामासाठी बसत नव्हती ती. हे मला मोतीबिंदूसकट दिसायला हवं होतं.

२२ मार्च, शनिवार

उद्या लेक गाडी घेऊन जातेय. आज बॉनेट दाखवायला तिच्याबरोबर रंगवाल्याकडे निघालो. रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होतो. जुळली की सिग्नल लागायचा, सिग्नल सुटला की विस्कटायची.

दुकानासमोर दोन गाड्यांच्या मधे एक जागा होती, जेमतेम. रंगवाला बाहेर येऊन हाताने ये, ये करत होता. आता नाही तर कधीच नाही असं वाटून मी एकदम सुरुवात केली. "त्या दिवशी मी..."

"बाबा, थांबा. गाडी मागे घेतेय."

मी थांबलो. तिने एका आरशात पाहिलं, दुसऱ्यात पाहिलं, मान वळवून मागे पाहिलं. गाडी सरकत सरकत एका दमात जागेवर बसली, दोन्ही बाजूंना सारखं अंतर सोडून. तिने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, पट्टा सोडला आणि पूर्ण माझ्याकडे वळली.

"हं. आता बोला."

बोललो. आधी दाराचं सांगितलं. दोन तारखेला मीच घासलं, खांबही तोच, दारही तेच. तुझ्या आईने भरलं आणि मी तुझ्यापासून लपवलं. मग दुसरं. म्हटलं, तुझा ओरखडा दोन बोटांचा होता. कुणाच्याही हातून होतो. चार माणसांसमोर तुझ्या हातातून किल्ली घेतली आणि जे बोललो, ते चुकीचं होतं. तू चांगली चालवतेस. तेव्हाही चालवली असतीस, मी चालवू दिली असती तर. हे सगळं सलग बोलता आलं नाही, मधे एकदा थांबावं लागलं. ती थांबली.

रंगवाला काचेशी आला होता, आमचे चेहरे बघून परत दुकानात गेला.

लेक स्टिअरिंगवरून अंगठा फिरवत बसली होती. मग नाक ओढून म्हणाली, "दहा वर्षं लावलीत, बाबा."

"अकरा," मी म्हटलं.